फोन लेकराच्या हातात, तुम्ही मागे

पालकहो,

गेल्या पावसाळ्यात पारगडाच्या वाटेवरच्या एका घरी गेलो होतो. नववीतली पोर खिडकीच्या चौकटीला फोन टेकवून बसली होती. अख्ख्या घरात रेंज तेवढ्याच जागेला. अभ्यासाच्या ॲपवर भूमितीचा पाठ उघडायचा, तर ओटीपी गेला वडिलांच्या नंबरवर, आणि वडील कामाला बेळगावात. फोनवर विचारून कसाबसा तो मिळवला. मागे जायचं बटण दाबलं की ॲप थेट पहिल्या पानावर. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती हळूच म्हणाली, "सर, मलाच जमत नाही."

ते वाक्य मला फार लागलं. मांडणी चुकली होती ॲपची, पण पोरीने दोष स्वतःकडे घेतला. आपली मुलं हेच करतात, आणि आपण वर म्हणतो, "लक्षच नाही तुझं."

म्हणून एक विनंती. ॲप घ्यायच्या आधी अर्धा तास लेकराच्या मागे बसा. फोनला हात लावू नका. सांगा, 'दहावीच्या विज्ञानातला गुरुत्वाकर्षणाचा धडा शोध, दोन प्रश्न सोडव, बंद कर, पुन्हा तिथंच ये.' करताना मनात येईल ते मोठ्याने बोलू दे. बोट कुठं अडतं? धड्यातले शब्द बालभारतीच्या पुस्तकातलेच आहेत का? रेंज गेली की सोडवलेलं राहतं की पुसलं जातं? ॲप बनवणारेही अशीच परीक्षा घेतात. जेकब नील्सन या अभ्यासकाने 2000 साली लिहिलं होतं, की पाच माणसं अशी बघितली तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात. तुम्हाला तर घरचं एकच लेकरू बघायचंय.

2017 साली सुरू झालेलं सरकारी 'दीक्षा' ॲप आधी पारखा. फुकट आहे, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून उघडतं, आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये उतरवून घेतलेला पाठ घरी नेटशिवाय चालतो. आपल्या पावसात हा मोठाच आधार.

विकतच्या कोर्सची घाई मात्र नको. खात्यातून हप्ता आपोआप कापून घ्यायची परवानगी देऊ नका, असं शिक्षण मंत्रालयानेच डिसेंबर 2021 मध्ये पालकांना बजावलं होतं. काजूचे पैसे हातात आले की दारात येणाऱ्या एजंटाला एवढंच सांगा, "आधी पोरगी वापरून बघेल."

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी वर्गातच असतो. मुलाला घेऊन या, सोबत फोन आणि पुस्तकही आणा. मिळून बघू.