जिप्समच्या आधी पाण्याची वाट

वैशाखात कृष्णा-वारणेच्या काठानं, शिरोळपासून वाळव्यापर्यंत, उसाच्या वरंब्यांवर पांढरं फुटलेलं दिसतं. पाय ठेवला की पापुद्रा करकरतो. पाऊस लागला की हे सगळं आत जिरतं आणि जमीन सुधारल्यासारखी वाटते. म्हणून रानात कुठं किती फुटलंय ते आत्ताच बघून खुणा करून ठेवा.

एवढं मीठ आलं कुठून? विहिरीच्या पाण्याची विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटर असली तर ते पाणी जिभेला खारटही लागत नाही. तरी लिटरमागं साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार त्यात असतात. एकरात तीन इंच पाणी भरलं की जवळपास २०० किलो, म्हणजे ५० किलोची चार पोती मीठ आपणच रानात ओतलं. अशा वीस पाळ्या झाल्या की चार टन. ऊस पाणी पितो, मीठ मागं ठेवतो. वरून मोकाट पाणी आणि खाली निचरा न होणारी काळी जमीन, मग भूजल वर चढतं आणि उन्हाबरोबर मीठही वर येतं.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो जिप्सम टाकण्याचा. टाकण्याआधी एक साधा प्रयोग करा. काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा आरओचं पाणी घ्या, त्यात बोराएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा आणि न ढवळता रात्रभर ठेवा. सकाळी ढेकळाभोवती दुधाळ गढूळपणा पसरलेला असेल तर जमीन चोपण होत चालली आहे. तिथं सोडियम हटवायला जिप्सम हवं. पाणी नितळ राहिलं आणि वर पांढरं फुटत असेल तर ती बहुधा नुसती क्षारयुक्त. तिथं जिप्समचा खर्च वायाच.

पक्का निकाल प्रयोगशाळेचाच. बांध, उकिरडा आणि झाडाची सावली सोडून, एक फुटाचा एक असे तीन फुटांपर्यंत वेगवेगळे नमुने घ्या. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांवर असेल तर चोपण. सामू त्याच्या आत आणि संपृक्त अर्काची वाहकता ४ च्या वर असेल तर क्षारयुक्त. वाहकता कोणत्या अर्काची मोजली ते मात्र विचारा, कारण जास्त पाण्यात मोजली की आकडा कमी दिसतो आणि माणूस उगाच निर्धास्त होतो. विहिरीचं पाणीही द्या; मोटार अर्धा तास चालवून मग बाटली भरा.

जमीन दोन्हींपैकी कोणतीही असो, सुटलेलं मीठ बाहेर जायला वाट नसेल तर बाकीचे उपाय फुकट. उघडे चर स्वस्त, पण दरवर्षी साफ करावे लागतात. सच्छिद्र पाइपाची भूमिगत निचरा प्रणाली महाग, पण टिकते. पाइप साधारण मीटर-सव्वा मीटर खोल. खरी अडचण पाइपाची नसते, खालच्या शेतकऱ्याच्या बांधाची असते. पाणी कोणाच्या रानातून कुठं जाणार हे मेमध्येच बसून ठरवा, आणि ते कोणाच्या पिण्याच्या विहिरीकडं जाऊ देऊ नका.

वाट झाल्यावर चोपण रानात मातीपरीक्षणानुसार जिप्सम वरच्या थरात मिसळा. चुनखडीच्या जमिनीत गंधकही चालतं. पावसावर धैंचा पेरून फुलावर येण्याआधी, दीड महिन्याच्या आसपास, गाडा. म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यात क्लोराइड आहे.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट वेगळी. तिथं जमिनीखालचं पाणीच खारं, त्यामुळं बोअर मारण्यापेक्षा शेततळ्यातलं पावसाचं पाणी बरं.

पाइप टाकलेल्या रानात पहिला मोठा पाऊस झाला की दोन दिवसांनी पाइपाच्या तोंडाशी जाऊन बाटली भरा. तिथली वाहकता विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त निघाली, तर मीठ बाहेर पडायला लागलं. पाइप कोरडाच असेल आणि रानात मात्र पाणी साचलेलं असेल, तर पुन्हा लावण करण्याआधी पाइपाचा उतार आणि त्यावरचं गाळणीचं कापड तपासून घ्या.