धातूचा भास : लघुप्रतिकृतींवरील पारदर्शक रंगलेप

दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्याची तलवार लहानपणी आपण सर्वांनीच चंदेरी रंगाने रंगविली आहे. ती चकाकते खरी, पण पोलादाची वाटत नाही. पोलादावर आभाळाचा उजेड असतो, जमिनीची सावली असते, शेजारच्या वस्तूचा रंगही असतो. नुसत्या चंदेरी रंगात यातले काहीच येत नाही. धातूला स्वतःचा रंग थोडा, उसना फार.

जुन्या तैलचित्रकारांना हे पुरते उमगले होते. यान व्हान आयकने १४३६ साली पूर्ण केलेल्या, सध्या ब्रुज येथे असलेल्या चित्रातील सेंट जॉर्जचे चिलखत पाहावे. गडद आणि उजळ रंगांचा शेजार व भोवतालची प्रतिबिंबे एवढ्यावर तेथे पोलाद उभे राहिले आहे.

लघुप्रतिकृतीत अडचण निराळी असते. ५४ मि.मी. उंचीचा शिपाई म्हणजे सुमारे १:३२ प्रमाण. त्याचे शिरस्त्राण जेमतेम ८ मि.मी. भरते. चंदेरी रंगातील धातूचे चपटे कण उजेड परतवितात, पण आरशाप्रमाणे स्पष्ट प्रतिबिंब दाखवीत नाहीत. त्यामुळे एवढ्याशा गोलाईवर सगळीकडे सारखीच चकाकी दिसते. छाया आपणच रंगवावी लागते.

त्यासाठी चंदेरी रंगात काळा मिसळावा, असे प्रथम सुचते. परंतु काळ्याचे अपारदर्शक कण धातूकणांना झाकून टाकतात आणि मळकट राखाडी हाती येते. पारदर्शक लेपाचे, म्हणजे ग्लेझचे, तसे नाही. उजेड रंगाच्या पातळ पापुद्र्यातून आत जातो, धातूकणांवर आपटून पुन्हा त्यातूनच बाहेर येतो. रंग गहिरा होतो आणि चकाकीही टिकते. दक्षिण जर्मनीतील बरोक काळातील काष्ठशिल्पांवर चांदीच्या वर्खावर रंगीत पारदर्शक लेप देत असत, त्यामागील तत्त्व हेच.

आता कृती. प्रथम काळ्या चकचकीत रंगाचे अस्तर द्यावे. त्यावर अल्युमिनियम रंगाचे दोन-तीन पातळ हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत. मग एक भाग ॲक्रिलिक रंगात पाच-सहा भाग पारदर्शक माध्यम मिसळावे. ब्रश भरल्यावर फडक्यावर टिपून घ्यावा. ओघळ आला तर रंग खाचांत साचतो आणि तो लेप राहत नाही. ब्रश उजेडाकडून सावलीकडे ओढावा, कारण जेथे तो उचलला जातो तेथे रंग अधिक उतरतो. एक थर वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. पाच ते आठ थरांत छाया हळूहळू दाटते. घाई केली तर खालचा ओला थर उपटून येतो.

पोलादासाठी अल्ट्रामरीन व काळा, जमिनीकडील बाजूस किंचित बर्न्ट सिएना. सोन्याच्या छायेसाठी बर्न्ट सिएना, अगदी खोलात थोडा जांभळा. तापविलेले पोलाद सुमारे २२० अंश सेल्सियसला फिकट पिवळे व ३०० अंशांच्या आसपास निळे दिसते. यंत्राच्या प्रतिकृतीत हाच क्रम ठेवावा. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर असे झाकणारे रंग लेपासाठी टाळावेत.

शेवटी केवळ कडांवर व उंचवट्यांवर शुद्ध चंदेरीचे बारीक ठिपके द्यावेत. वरून सरसकट मॅट व्हार्निश दिले तर सारी मेहनत वाया जाते. ते सावलीपुरतेच ठेवावे.

सहाध्यायांनी एक अभ्यास अवश्य करावा. स्टीलचा चमचा खिडकीशी धरून त्यावरील काळे, पांढरे व रंगीत पट्टे कागदावर उतरवावेत. नंतर प्लॅस्टिकच्या चमच्याला चंदेरी रंग देऊन तेच पट्टे लेपांनी त्यावर आणावेत. या कामात हातापेक्षा डोळ्यालाच अधिक शिकावे लागते, हे पहिल्याच चमच्यात कळेल.