मशीन तेच, बसणं वेगळं

ब्लाउज शिवणं म्हणजे घरबसल्या हलकं काम, असं लोकांना वाटतं. मान दिवसभर खाली, पाय पायमशीनच्या पॅडलवर, कटिंग जमिनीवर वाकून आणि लग्नसराईत मध्यरात्रीपर्यंत अस्तराचे ब्लाउज. या कामानं माझी मान आणि कंबर धरली ती कायमची. तीन महिन्यांच्या पुढे टिकलेलं दुखणं वैद्यकशास्त्र जुनाट मानतं. माझं कित्येक वर्षांचं आहे.

हंगाम निघायचे ते डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळीवर. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत असे. पुढे दुसऱ्याच कारणानं रक्त तपासलं आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा नीट ठेवणारी जी द्रव्यं शरीर बनवतं, त्यांनाच ही गोळी अडवते, हे डॉक्टरांनी समजावलं आणि त्या गटातल्या सगळ्या गोळ्या बंद केल्या.

आता गोळी नाही आणि पोट तर शिवणावरच. मग कामच बदलायला घेतलं.

कटिंग जमिनीवरून उंच टेबलावर आणलं, कोपरापेक्षा थोडं खाली. उभं राहून कापते, एक पाय आलटूनपालटून पाटावर. मशीनला मोटर बसवली. पण मोटरचा एक धोका सांगते: पाय दमत नाहीत, म्हणून माणूस उठतच नाही. त्यासाठी मोबाइलवर गजर लावते. गजर झाला की दोरा अर्धवट असला तरी उठायचं, दुखत नसलं तरी उठायचं. फिजिओथेरपिस्टनं शिकवलेली ही सर्वांत मोलाची गोष्ट. आधी बरं वाटलं त्या दिवशी सगळा ढीग उपसायचा आणि पुढचे दिवस आडवं पडायचं, असं चालायचं. पडून राहिल्यानं स्नायू आणखी कमजोर होतात. काम घड्याळाच्या मापानं केलं की वाईट दिवस कमी येतात. चालणं आणि पाठीचे व्यायाम रोजचे आहेत, पाहुणे आले तरी.

फॉल-बिडिंग आणि हातशिलाई शेजारच्या बायकांना नगावर देते. ‘उद्याच हवा’ म्हणणारी गिऱ्हाइकं सोडली. काही कायमची गेली, ते वाईट वाटलं. दुपारी शिवण क्लास घेते. शिकवताना उभं राहावं लागतं, फिरावं लागतं, तेच कंबरेला मानवतं. क्लासचे पैसे हाती येईपर्यंत मात्र ओढाताण झाली. म्हणून सांगते, जोडकाम हात चालतायत तेव्हाच सुरू करा, कंबर बसल्यावर नको.

दुखणं गेलेलं नाही. पण दिवसाचं काम आता त्याच्या हातात नाही.

पायातली ताकद कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर व्यायाम करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मनानं सोडू नका. आणि दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षं घेत असाल, तर येत्या आठवड्यात डॉक्टरांना सांगून क्रिएटिनिन तपासून घ्या.