राता आधाराच्या झाडाला मारतो का?

प्रश्न : मुलाकडे ऑकलंडला गेलो असताना जंगलात एका उंच झाडाला 'राता'च्या मुळांनी वेढलेलं पाहिलं. हा वेल आधाराच्या झाडाचा जीव घेतो का?

उत्तर : आपण पाहिलात तो बहुधा उत्तरी राता. तो वेल नसून वृक्ष आहे. त्याचं अगदी बारीक बी वाऱ्याने उडून रिमूसारख्या उंच झाडावर रुजतं आणि वडा-पिंपळाप्रमाणे त्याची मुळं जमिनीकडे उतरतात. तो आधाराच्या झाडाचा रस शोषत नाही. ते झाड बहुतेकदा वयोमानाने मरतं. तोवर रात्याची मुळं एकजीव होऊन खोड बनलेली असतात.

वेलवर्गीय राते वेगळे. ते बारीक मुळांनी खोडाला नुसते चिकटून चढतात. हे सगळे आपल्या जांभळाच्याच कुळातले.

धोका आहे तो रात्यालाच. 1837 पासून ऑस्ट्रेलियातून न्यूझीलंडमध्ये फरसाठी आणलेले पॉसम त्याची पानं ओरबाडतात. 2017 मध्ये मर्टल रस्ट ही बुरशीही तिथे पोहोचली. पुन्हा गेलात आणि कोवळ्या पानांवर पिवळी भुकटी दिसली, तर हात लावू नका. फोटो काढून तिथल्या वनकर्मचाऱ्यांना जरूर कळवा.