रक्ताचा कर्करोग: दोष कोणाचा?



वाडीवर कोणाला रक्ताचा कर्करोग निघाला की ‘काय झाले’ यापेक्षा ‘कोणामुळे झाले’ हेच आधी विचारले जाते. घराण्याला शाप आहे, आईच्या रक्तातच दोष आहे! मग आजाऱ्याचे ताट वेगळे होते, धाकट्या बहिणीची सोयरीक मोडते. योहान 9 मध्ये शिष्यांनीही जन्मांधाविषयी असेच विचारले होते.

बी-पेशी म्हणजे रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे त्यांच्यापासून बनतात. तऱ्हेतऱ्हेच्या जंतूंना ओळखता यावे म्हणून या पेशी आपल्याच जनुकांची तोडजोड करतात. त्यात कधी चूक होते आणि ती पेशी बेसुमार वाढू लागते. बरेचसे लिम्फोमा, मायलोमा आणि मुलांमधला बहुतेक ल्युकेमिया हे याच पेशींचे रोग. मुलांच्या ल्युकेमियात पहिली चूक पुष्कळदा गर्भातच घडलेली असते. त्याचा दोष आईला देऊ नये.

आनुवंशिकता मुळीच नाही असे नाही. काही प्रकारांत रक्ताच्या नातलगांचा धोका थोडा वाढतो, तरी बहुतेक नातलगांना हा रोग कधीच होत नाही. आणि एका ताटात जेवल्याने तर तो लागतच नाही.

बाहेरची कारणेही आहेत. 1958 मध्ये डॉ. डेनिस बर्किट यांनी युगांडातल्या मुलांच्या जबड्यांतील गाठींचे वर्णन केले. हाही बी-पेशींचाच कर्करोग. त्यामागे एपस्टाइन-बार विषाणू आणि वारंवारचा मलेरिया असल्याचे पुढे दिसले.

आपल्याकडे मला काळजी वाटते ती फवारणीची. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेन, म्हणजे जुन्या गॅमाक्सिन पावडरीतले विष, लिम्फोमाचे निश्चित कारण ठरवले. मॅलेथिऑन आणि ग्लायफोसेट तणनाशक ही ‘संभाव्य’ कारणे ठरली. फवारणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असे नव्हे. पण आंबा-काजूच्या बागांत पाठीवर पंप घेऊन उघड्या अंगाने फिरतो तो बहुधा मजूरच. आपल्यापैकी ज्यांच्या बागा आहेत त्यांनी हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि काम झाल्यावर आंघोळीला साबण-पाणी द्यावे. हे उपकार म्हणून नव्हे, मजुरीचा भाग म्हणून. औषधाची रिकामी बाटली तेला-पाण्यासाठी घरी जाऊ देऊ नये.

न उतरणारा ताप, फिकेपणा, मानेत वा काखेत न दुखणारी गाठ, हिरड्यांतून रक्त, हाडांत ठणका यांपैकी काही दिसले तर ग्रामीण रुग्णालयात रक्ततपासणी करून घ्यावी. मुलांमधला हा ल्युकेमिया वेळेवर, पुरते उपचार झाल्यास पुष्कळदा बरा होतो. उपचार दोन-तीन वर्षे चालतात. मुंबईच्या फेऱ्यांसाठी गाडीभाडे आणि सोबतीला माणूस लागतो.