छोटा किरणोत्सर्गमापक : उपयोग आणि मर्यादा

किरणोत्सर्ग मोजायचा म्हटले की पूर्वी अणुकेंद्र किंवा एखादी मोठी प्रयोगशाळाच डोळ्यांसमोर येत असे. आता तळहातावर मावणारे, साध्या बॅटरीवर चालणारे मापक काही हजार रुपयांत मिळू लागले आहेत. तारापूर परिसरातील बागायतदार, निर्यातीचा आंबा पिकवणारे, विकिरण केलेल्या कांद्याविषयी मनात शंका असलेले शेतकरी अशा साऱ्यांना प्रश्न पडतो की, हे यंत्र घेऊन आपला माल आपणच तपासावा का? उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही ज्या जागी उभे आहात तेथील किरणोत्सर्ग हा मापक बऱ्यापैकी सांगतो. पोत्यातल्या धान्याविषयी तो जवळजवळ काहीच सांगत नाही. हा फरक ध्यानात न घेता वापरलेले यंत्र उगीच घाबरवते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, खोटा दिलासा देते.

मापक कसा चालतो?

बहुतेक स्वस्त मापकांत गायगर-म्युलर नळी असते. जर्मनीतील हान्स गायगर आणि वाल्थर म्युलर यांनी ती १९२८ मध्ये तयार केली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. बोटाएवढ्या बंद नळीत कमी दाबाचा वायू भरलेला असतो, मधोमध बारीक तार असते आणि तिला साधारण ४०० व्होल्टचा दाब दिलेला असतो. किरण आत शिरला की वायूच्या काही अणूंवर विद्युतभार येतो, क्षणभर प्रवाह वाहतो आणि 'टक्' असा ठोका ऐकू येतो. यंत्र हे ठोके मोजते. पडद्यावर मिनिटाला किती ठोके पडले ते दिसते आणि त्यावरून काढलेला तासाला मायक्रोसिव्हर्टचा आकडाही दिसतो.

कोठेही गेले तरी हा आकडा शून्य येत नाही. खडक, माती, आकाशातून येणारे किरण यांचा किरणोत्सर्ग सर्वत्र असतोच. तासाला ०.०५ ते ०.२ मायक्रोसिव्हर्ट हे बहुतेक ठिकाणचे नेहमीचे मान आहे. आपल्या पठारावरील काळा बसाल्ट खडक या बाबतीत फार सौम्य. ग्रॅनाइटच्या मुलखात आकडा वाढतो, तर केरळमधील चवऱ्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटयुक्त वाळूमुळे तो कितीतरी पट जास्त येतो. म्हणून यंत्र घेतल्यावर पहिले काम म्हणजे आपल्या अंगणाचे, रानाचे आणि घराचे नेहमीचे मान काढून वहीत लिहून ठेवणे. ती नोंद नसेल तर पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ राहत नाही.

मोजताना घाई करू नये. समजा, मिनिटाला सरासरी २० ठोके पडतात. तर एका मिनिटात कधी १५, कधी २६ पडणे अगदी स्वाभाविक आहे. दहा मिनिटे मोजून २०० च्या आसपास ठोके मिळाले, तर चूक साधारण सात टक्क्यांवर येते. माती परीक्षणासाठी आपण एकाच ठिकाणची माती न घेता नागमोडी फिरून पंधरा-वीस जागांची घेतो, तसेच हे आहे. एकदम उसळलेला आकडा पाहून फोन फिरवू नये. दहा मिनिटे पुन्हा मोजावे.

फुकुशिमाच्या भातशेतीचा अनुभव

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप व त्सुनामी आली आणि फुकुशिमा दाइइची अणुकेंद्रातून सिझियम व इतर किरणोत्सारी द्रव्ये बाहेर पडली. आपल्या गावात नेमके किती, हे लोकांना कळेना. तेव्हा 'सेफकास्ट' नावाच्या स्वयंसेवी गटाने गायगर नळीला उपग्रहावरून जागा ओळखणारा भाग जोडून पेटीएवढे यंत्र बनवले. मोटारीच्या खिडकीबाहेर ते लावून कार्यकर्ते रस्तोरस्ती फिरले आणि दर पाच सेकंदांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवली. एकाच गावात घराच्या छपराचे पाणी जेथे गळते तो कोपरा, ओढ्याचा काठ आणि उघडे पटांगण यांच्या आकड्यांत केवढा फरक असतो, हे अशा मोजणीने स्पष्ट दिसले. या कामात छोट्या मापकाची बरोबरी दुसरे कोणी करू शकत नाही.

पण भाताची गोष्ट वेगळी झाली. ऑक्टोबर २०११ मध्ये नमुना तपासणीच्या आधारे त्या प्रांतातील तांदूळ सुरक्षित असल्याचे जाहीर झाले आणि नोव्हेंबरमध्ये फुकुशिमा शहरातील ओनामी भागातल्या तांदळात किलोला ५०० बेकरेल या तेव्हाच्या मर्यादेपेक्षा जास्त सिझियम निघाले. (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन.) शेतकऱ्यांच्या वर्षभराच्या कष्टावर आणि गावाच्या नावावर पाणी पडले. पुढे शोध घेतला तेव्हा जास्त सिझियम असलेल्या भाताच्या खाचरांत पिकाला मिळणारा पालाश कमी असल्याचे आढळले. सिझियम हे रसायनदृष्ट्या पोटॅशियमचे भावंड. जमिनीत पोटॅशियमची कमतरता असली की मुळे त्याच्याऐवजी सिझियम उचलतात. म्हणजे बांधावर धरलेल्या मापकाने जमिनीवर काय पडले ते सांगितले असते. दाण्यात किती जाणार हे मात्र पालाशावर अवलंबून होते.

त्यानंतर दर १०० ग्रॅम कोरड्या मातीत किमान २५ मिलिग्रॅम विनिमयक्षम पालाश ठेवण्याची शिफारस तेथे झाली. आपल्याकडच्या हिशेबाने वरच्या सहा इंच थरात हे हेक्टरी सुमारे ५६० किलो होते. एप्रिल २०१२ पासून मर्यादाही १०० बेकरेलवर आणली गेली आणि प्रांतातील तांदळाचे प्रत्येक पोते तपासणे सुरू झाले. पहिल्या वर्षी एक कोटीहून अधिक पोत्यांपैकी ७१ पोती मर्यादेबाहेर निघाली, २०१४ मध्ये फक्त दोन, तर २०१५ पासून एकही नाही. ही तपासणी खिशातल्या मापकाने झालेली नाही. बाहेरचे किरण अडवणारी जाड धातूची भिंत आणि मोठे संवेदक असलेली खास यंत्रे त्यासाठी लागली. किलोला १०० बेकरेल सिझियम असलेला तांदूळ छोट्या मापकासमोर ठेवला, तर त्याचे ठोके नेहमीच्या ठोक्यांत बुडून जातात.

पोटॅशचे पोते आणि मापक

गंमत अशी की, ज्या पालाशाने तो तांदूळ वाचवला, तो स्वतः थोडा किरणोत्सारी आहे. निसर्गातील पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० हा किरणोत्सारी प्रकार अल्प प्रमाणात मिसळलेला असतो. एक किलो म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये सेकंदाला सुमारे १५ हजार विघटने होतात. मापक पोत्याला टेकवून दहा मिनिटे मोजा, मग युरियाच्या पोत्याला टेकवून मोजा. पोटॅशपाशी ठोके जास्त पडायला हवेत. यंत्र चालते की नाही हे पाहण्याची ही सोपी युक्ती. मात्र ठोकेच मोजावेत. मायक्रोसिव्हर्टचा आकडा सहसा सिझियमच्या गॅमा किरणांवर बेतलेला असतो, तो येथे फसवा ठरतो. आणि घाबरून पोटॅश टाकणे थांबवू नये. केळी, बटाटे आणि आपले शरीर यांतही हेच पोटॅशियम असते आणि शरीर त्याचे प्रमाण स्वतःच राखते.

पोटॅशमध्ये मिठाची भेसळ असली तर ठोके कमी पडतील का, असा प्रश्न चतुर वाचकाला सुचेल. पडतील, पण त्यावर तक्रार उभी राहत नाही. त्यासाठी खत निरीक्षकामार्फत नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा.

विकिरणाचा कांदा

लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून कांदा नेला की त्याला कोंब येण्याचे थांबते. याच केंद्रातून विकिरण केलेला आंबा २००७ मध्ये अमेरिकेला गेला. हे किरण मालातून आरपार जातात. कोबाल्टचा कणही त्याला लागत नाही आणि माल किरणोत्सारी होत नाही. अशा कांद्यापाशी मापक धरला तर अंगणातलाच आकडा येतो. याबाबतीत मापकाचे उत्तर खरे आहे, पण ते कळायला मापक घेण्याची गरज नाही.

भंगाराबाबत मात्र सावध राहावे. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने प्रयोगशाळेचे यंत्र फोडले गेले. अनेकांना इजा झाली आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. इतका जोरदार स्रोत साधा मापकही लांबूनच ओळखतो. पिवळ्या रंगावर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली जड शिशाची डबी जुन्या सामानात आढळली, तर उघडू नये, तोडू नये, लांब व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

ज्यांना यंत्र घ्यायचेच असेल त्यांनी कोणत्या किरणांना ते प्रतिसाद देते आणि त्याचे अंशांकन झाले आहे का, हे विचारून घ्यावे. मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चालणाऱ्या फुकट सोयी नेहमीच्या मानासाठी निरुपयोगी आहेत. नळी काचेची असेल तर पडू देऊ नये; ओल आणि खताची धूळ यांपासून यंत्र जपावे आणि दूषित असण्याची शंका असेल त्या जागी ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वापरावे.