खडेमीठ पुरेल

चि. मुक्ता हिस,


तुझा फायटर माशाचा नर फेसाचं घरटं बांधायला लागला आणि तू पिल्लांच्या खाण्याची तयारी आधीपासून सुरू केलीस, हे वाचून फार बरं वाटलं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. पिल्लं पोहायला लागली की मग खाऊ शोधायला धावाधाव होते, आणि तोवर त्यांच्या पोटातला बलक संपत आलेला असतो. तू आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा जिवाच्या अंड्यांचा डबा आणून ठेवला आहेस, एअर पंप आहे, बाटली आहे. अडलं आहे ते मिठापाशी. दुकानदाराने समुद्री मत्स्यालयाच्या मिठाची बादली घ्यायला सांगितली, आणि घरातलं आयोडीनचं मीठ टाकलंस तर एकही अंडं फुटणार नाही असंही बजावलं.

बादली घेऊ नकोस. वाण्याकडचं साधं खडेमीठ घे, एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम, वजन करून. उत्तर एवढंच आहे. पण तुला मी ओळखतो, नुसत्या उत्तराने तुझं समाधान व्हायचं नाही आणि होऊही नये. म्हणून कारणं सविस्तर लिहितो.

डब्यातले ते तपकिरी कण आपण अंडी म्हणतो खरं, पण प्रत्येक कणाच्या आत वाढ मध्येच थांबलेला गर्भ असतो, साधारण चार हजार पेशींचा. सुकलेला असताना कण एका बाजूने चेपलेला दिसतो. पाण्यात पडला की तास-दोन तासांत पाणी शोषून गोल होतो. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली हे जरूर बघ. पुरेसं पाणी, उजेड, ऊब आणि प्राणवायू मिळाला की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होते. गर्भाजवळ ट्रेहॅलोज नावाच्या साखरेचा साठा असतो. त्या साखरेपासून तो ग्लिसरॉल तयार करतो. ग्लिसरॉल बाहेरचं पाणी आत ओढतं, आतला दाब वाढत जातो, आणि शेवटी टरफल फाटतं. गर्भ पातळ पडद्यात गुंडाळलेला, टरफलाखाली लोंबकळत बाहेर येतो आणि थोड्या वेळात पडदा सोडून पोहायला लागतो.

आता यात मिठाचं काम काय, ते बघ. बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकं ते आत ओढणं अवघड. म्हणजे गर्भाला तितकं जास्त ग्लिसरॉल बनवावं लागणार, आणि ते त्याच मर्यादित साठ्यातून. मीठ हे त्याचं अन्न नाही, औषधही नाही. टरफल फोडताना त्याला ओढावं लागणारं ओझं आहे. ओझं हलकं असेल तर अंडी लवकर फुटतात आणि पिल्लाच्या अंगात ताकद जास्त उरते, जी पुढे तुझ्या माशांच्या पोटात जायची आहे. लिटरला ५ ग्रॅमपासून ३५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतक्या खारटपणापर्यंत, अंडी चांगली फुटतात. ८५-९० ग्रॅमच्या पुढे गेलीस तर बहुतेक जातींच्या अंड्यांना पुरेसं पाणीच शोषता येत नाही आणि ती तशीच पडून राहतात. खाऱ्या पाण्यातला जीव आहे म्हणून मूठभर मीठ जास्तच घालणारे लोक इथेच फसतात. मी २५ सांगतो, कारण उरलेली पिल्लं तुला दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच पाण्यात जगवायची असतात, आणि त्यांना ते मानवतं.

तू विचारशील की हा प्राणी मग इतक्या खारट जागी राहतो तरी कशाला. तिथे मासे राहू शकत नाहीत म्हणून. आर्टेमिया हळू पोहतो, त्याच्या अंगावर कवच नाही, लपायची कला नाही. माशांच्या पाण्यात तो एक दिवसही टिकणार नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये तो कोट्यवधींनी आहे आणि जगभर विकली जाणारी बरीचशी अंडी तिथलीच असतात. पण त्यासाठी युटापर्यंत जायला नको. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत आर्टेमिया असल्याची शास्त्रीय नोंद १९५३ साली प्रसिद्ध झाली आहे. पाणी आटत गेलं, खारटपणा वाढला की माद्या टणक टरफलाची अंडी घालतात. ती तरंगतात, काठाला लागतात, सुकतात. पुढे पाऊस पडतो, खारटपणा उतरतो, आणि अंडी फुटतात. तुझ्या बाटलीत तू त्या पहिल्या पावसानंतरचं पाणी बनवणार आहेस, मेमधलं आटलेलं नव्हे. प्रमाण ठरवताना हे ध्यानात ठेव.

आता मिठाच्या जातींबद्दल. इथे पेणच्या बाजूला येशील तेव्हा मी तुला मिठागर दाखवीन. भरतीचं पाणी आधी मोठ्या तळ्यांत घेतात आणि उन्हात आटवत एका कुंडीतून दुसरीकडे नेतात. आटताना सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी चुना बसतो, मग जिप्सम, आणि पाणी पुष्कळ घट्ट झाल्यावर खायचं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, खड्यांच्या रूपात धरायला लागतं. ते ओढून घेतल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचे क्षार राहतात. ते पाणी सोडून देतात. म्हणून पाकिटावर ‘समुद्री मीठ’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी आत सुकवलेला समुद्र नसतो. समुद्रातल्या एकूण क्षारांपैकी सुमारे ७८ टक्के सोडियम क्लोराइड असतं. मिठागरातून आलेल्या खड्यांत त्याचंच प्रमाण कितीतरी जास्त असतं. त्या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नकोस. खडेमीठ आणि समुद्री मीठ यांत आपल्या कामापुरता फरक नाही. खड्यांबरोबर कुंडीतली थोडी माती येते, तेवढी एक गोष्ट सांभाळायची: मीठ वेगळ्या भांड्यात विरघळव, गाळ बसू दे, वरचं नितळ पाणी घे.

आयोडीनची भीती कुठून येते तेही सांगतो. जखमेवर लावायचं आयोडीन जंतू मारतं, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तेच मिठातही असेल असं वाटतं. आपल्याकडच्या मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, तो वेगळा पदार्थ आहे. दुकानातल्या मिठात आयोडीन दर दहा लाख भागांत किमान १५ भाग असावं असा नियम आहे. म्हणजे तुझ्या २५ ग्रॅम मिठातून लिटरभर पाण्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास जाईल. चोवीस तासांच्या कामात त्याने अंड्यांचं काही बिघडत नाही. घरात आयोडीनचंच मीठ असेल आणि वाण्याचं दुकान बंद असेल, तर बिनधास्त तेच वापर. बारीक मिठाबद्दल माझी तक्रार दुसरी आहे. ते मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेले काही पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत आणि पाणी दुधट होतं. अर्ध्या मिलिमीटरची पिल्लं अशा पाण्यात नीट दिसत नाहीत, आणि नवशिक्याला तर दिसणं फार गरजेचं असतं.

उपवासाचं सैंधव चालतं, फक्त महाग पडतं. पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतात ते मीठही चालतं. दोन मिठं मात्र हातात घेऊ नकोस. एक काळं मीठ: त्याचा तो वास गंधकाच्या संयुगांचा असतो आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. दुसरं आजोबांसाठी आणतात ते कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं आणि पोटॅशियमचं प्रमाण समुद्रापेक्षा कितीतरी वर जातं. तेच मीठ आजोबांना हितकारक आहे, आर्टेमियाला नाही.

मग ती बादली कुणासाठी? आर्टेमिया मोठे करायचे असतील त्यांच्यासाठी. महिनाभर त्यांना वाढवायचं, पिलावळ घ्यायची, तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम सगळं समुद्राच्या प्रमाणात लागतं, आणि नुसत्या खडेमिठावर ते काम नीट होत नाही. तुला तर आर्टेमियाची पिल्लं जन्मतात त्याच दिवशी माशांना खाऊ घालायची आहेत. एका दिवसाच्या कामाला एक दिवसाचं मीठ. वाचलेल्या पैशांतून ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घे, कारण चमच्याचा भरवसा धरता येत नाही. चमचाभर खड्यांत पोकळी असते, चमचाभर बारीक मीठ दाबून बसतं. दोन्हींच्या वजनात चांगलाच फरक पडतो. तरीही पैसे उरले तर पुढच्या वेळी चांगल्या प्रतीची अंडी घे. अंडी जुनी, दमट झालेली असतील तर जगातलं कुठलंही मीठ त्यांना फोडू शकत नाही. डबा उघडलास की झाकण घट्ट लाव, डबा कोरड्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेव.

मिठाइतकाच, किंबहुना मिठापेक्षा जास्त, पाण्याचा विचार कर. तुमच्याकडे प्यायला आरओचं पाणी आहे. ‘शुद्ध’ म्हणून तेच घ्यावंसं वाटेल, पण त्यातून आम्ल सावरणारे क्षार निघून गेलेले असतात. अंड्यांना पाणी किंचित अल्कधर्मी लागतं, पीएच आठच्या वर. टरफल सोडायला गर्भ जे विकर वापरतो ते तिथे चांगलं काम करतं. आरओचं पाणी घेतलंस तर लिटरला अर्धा ग्रॅम खायचा सोडा घाल. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडवलेलं असेल तर ते जास्त चांगलं, आणि चिमूटभर सोडा त्यातही चालतो. मीठ बदलून बदलून थकलेल्या कितीतरी जणांचं काम एवढ्या सोड्याने झालेलं मी पाहिलं आहे.

पुण्यात सध्या थंडी आहे, तेव्हा बाटली हीटर असलेल्या बादलीत उभी कर. पाणी २६ ते २८ अंशांवर राहिलं तर चोवीस तासांत नारिंगी ढग दिसेल. २० अंशांवर बराच जास्त वेळ लागेल आणि तुला वाटेल मीठ चुकलं. पहिले काही तास दिवा जवळ ठेव. हवा जोरात सोड, एकही कण तळाशी बसता कामा नये. अंडी लिटरला एक ग्रॅमपेक्षा जास्त टाकू नकोस. तुझ्या एका घरट्याला त्याहून कितीतरी कमी पुरतात.

पिल्लं निघाली की हवा बंद कर आणि दहा मिनिटं थांब. टरफलं वर तरंगतील, न फुटलेली अंडी तळाशी जातील, पिल्लं उजेडाकडे गोळा होतील. हवेच्या नळीने फक्त पिल्लं ओढून घे. टरफलं फायटरच्या पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत, ती पचत नाहीत आणि आतडं अडतं. चहाची गाळणी इथे उपयोगाची नाही, दाट विणीचा सुती रुमाल घे आणि साध्या पाण्याने पिल्लं धुऊन मगच टबात सोड. लिटरला २५ ग्रॅमचं पाणी रोज थोडं थोडं त्या लहानशा टबात जात राहिलं तर आठवड्यात टब खारट होईल. आणि उशीर करू नकोस. जन्मलेला आर्टेमिया पहिले काही तास काहीच खात नाही, अंगातल्या बलकावर जगतो. तो बलकच तुझ्या माशांना हवा आहे. सात-आठ तासांत तो कात टाकतो, आणि तोवर पुष्कळ ताकद खर्च झालेली असते. उरलेली पिल्लं खाऱ्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवलीस तर हा खर्च मंदावतो.

१९३३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या ऍल्विन सील यांनी माशांसाठी हा खाऊ चांगला असल्याचं लिहिलं, १९३९ साली नॉर्वेत रोलेफसेन यांनी समुद्री माशांच्या पिल्लांवर त्याचा उपयोग दाखवला, आणि आज कोळंबीच्या मोठमोठ्या हॅचऱ्या याच नारिंगी ढगावर उभ्या आहेत. तुझ्या बाटलीतलं काम त्यांच्यापेक्षा लहान आहे, वेगळं नाही. मोजमाप वहीत लिही: मीठ किती, तापमान किती, किती तासांनी फुटली.

या रविवारी एक चाचणी लाव, नर-मादी एकत्र सोडायच्या आधी. चांगली फुटली तर निर्धास्त हो. मग मादीने अंडी घातली की तिला लगेच बाहेर काढ, अंडी नर सांभाळील. दीड-दोन दिवसांनी पिल्लं घरट्याखाली उभी लटकलेली दिसतील. त्यांना तेव्हा काही घालायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुझी खरी बाटली लाव. त्यानंतर पिल्लं आडवी पोहायला लागतील त्या दिवशी नराला बाहेर काढ आणि पहिला खाऊ दे, अगदी थोडा, दिवसातून दोन-तीनदा. भिंग घेऊन बघ: ज्यांचं पोट नारिंगी दिसतं त्यांनी खाल्लं आहे. ज्यांचं दिसत नाही ती फार लहान असतील; त्यांच्यासाठी मी डबक्यातल्या सूक्ष्म जीवांचं पाणी बाटलीत भरून तुझ्या आईबरोबर पाठवतो. ती गुरुवारी निघते आहे.

तुझा,
मामा